मथळ्यात संचारबंदी, आदेशात शंभर मीटर

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले वार्ताहर, उपसंपादक आणि मोबाइलवर बातम्या देणारी सर्व मित्रमंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या गावच्या बाजाराचा दिवस होता. मी पिशवी घेऊन निघालो, तर पाराजवळ बसणारी भाजीवाली मावशी दहा वाजताच गोणपाट गुंडाळत होती. मेथीच्या जुड्या समोर तशाच, पाणी मारून ठेवलेल्या. काय झाले विचारले तर म्हणाली, "मास्तर, पेपरमा उनं शे म्हने, संचारबंदी लागी गई. पोऱ्या मोबाइल दखाडी गया. आते हाई मेथी कोनले देऊ?"

मोबाइल मीही पाहिला. तुमच्यातल्याच एका मित्राची पट्टी होती: 'जिल्ह्यात संचारबंदी, आणीबाणीसारखी स्थिती'. खाली अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्यात शाळेच्या फाटकाशी उभे असलेले दोन पोलीस. दुपारी ओळखीच्या माणसाकडून मूळ आदेश मिळवला. दीड पानाचा होता. परीक्षा केंद्रापासून शंभर मीटरच्या आत, पेपरच्या वेळेपुरते, झेरॉक्सची दुकाने बंद आणि घोळक्याने उभे राहायला मनाई. संपले. बाकी गाव मोकळे. 'संचारबंदी' हा शब्द त्या दीड पानात कुठेच नव्हता, 'आणीबाणी' तर नव्हताच. तोवर मावशी घरी पोचली होती आणि मेथी शेळीपुढे.

मी चौतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला वीस गुणांचा विषय. पोरे तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचत आणि बहुतेक शिक्षकही. त्यामुळे हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला फार आहे असे नाही, पण त्या मेथीने झोप उडवली म्हणून लिहितो.

आधी जमावबंदी आणि संचारबंदी वेगळ्या करू. जमावबंदीत पाच किंवा त्याहून जास्त जणांनी विनापरवानगी जमायचे नाही. संचारबंदीत घराबाहेरच पडायचे नाही. आपल्याकडे नेहमी लागते ती पहिली, आणि तीही बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) आणि (३) खाली. त्याची प्रेसनोट तुमच्याकडे दर पंधरवड्याला येते, तुम्ही ती आतल्या पानावर चार ओळींत लावता. सण, मोर्चे, निवडणूक, काही ना काही कारण असतेच; पंधरा दिवस संपले की पुढचे पंधरा. ज्याला आपण अजून '१४४' म्हणतो ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. त्या आदेशाची मुदत साधारण दोन महिने, राज्य सरकारने वाढवली तर आणखी सहा महिने. जिल्हा दंडाधिकाऱ्याने सहीने काढलेला हा कागद असतो. त्यावर कलम असते, हद्द असते, तारीख असते. ज्याला तो जाचक वाटतो त्याला तो बदलून किंवा रद्द करून मागता येतो. आणीबाणीशी याचा संबंध एवढाच, की दोन्हीत सरकार नेहमीपेक्षा जास्त अधिकार वापरते.

आणि आणीबाणी? हा शब्द आपल्याकडे सरकारी नव्हताच मुळी. आणीबाणीचा प्रसंग म्हणजे गळ्याशी आलेला प्रसंग. रात्री दोनला बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे आणि बैलगाडीचे चाक निखळले, ही आणीबाणी. पुढे संविधानाच्या अठराव्या भागाला मराठीत हेच नाव मिळाले. आपल्या खान्देशाच्या वेशीवर उभे राहिले तर गंमत दिसते. सेंधव्याकडे आणि बऱ्हाणपूरकडे हिंदीत 'आपातकाल' म्हणतात, नवापूरच्या पलीकडे गुजरातीत 'कटोकटी'. गोष्ट तीच, पण प्रत्येक शब्दाचा वास वेगळा.

संविधानात या भागात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची भेळ करता. कलम ३५२ म्हणजे खरी राष्ट्रीय आणीबाणी: युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव. कलम ३५६ म्हणजे राष्ट्रपती राजवट. ती महाराष्ट्रात तीनदा लागली, १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये. शेवटची तर २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५:४७ ला उठली, तेव्हा तुम्ही सगळे गाढ झोपेत होतात, कबूल करा. कलम ३६० ची आर्थिक आणीबाणी आजवर एकदाही लागलेली नाही. महापालिकेकडे पगाराला पैसे नसले की 'आर्थिक आणीबाणी' छापणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

३५६ बद्दल एक खान्देशी टीप जोडतो. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले, अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे १९३५ चा भारत सरकार कायदा साफ नाकारणारा ठराव झाला. त्याच कायद्यात कलम ९३ होते: प्रांताचे कामकाज कायद्याप्रमाणे चालत नसेल तर गव्हर्नरने कारभार हातात घ्यावा. आपले कलम ३५६ त्याच कलमाच्या घराण्यातले. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी आशा बोलून दाखवली होती की हे कलम कधी वापरावे लागणार नाही, ते कागदावरच राहील. पुढे काय झाले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता ३५२. देशात ती तीनदा जाहीर झाली. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनमुळे. युद्ध महिन्याभरात थांबले, आणीबाणी १९६८ च्या जानेवारीपर्यंत राहिली. मग ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानमुळे. हे युद्ध तर दोन आठवड्यांत १६ डिसेंबरला संपले. आणीबाणी संपली नाही. कुणी उठवलीच नाही. इथे भुसावळच्या मित्रांनी जरा थांबावे. मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. तो मोडायला सरकारने वापरले भारत संरक्षण नियम, म्हणजे युद्धासाठी केलेले, १९७१ च्या आणीबाणीत जन्मलेले. ढाक्यात शरणागती होऊन अडीच वर्षे लोटली होती, आणि त्या युद्धाचा कायदा लोको शेडमधल्या फिटरवर चालत होता. दरवर्षी २५ जूनला तुम्ही आणीबाणीवर पुरवणी काढता त्यात १९७४ चा संप मला कधी दिसला नाही. निदान भुसावळच्या आवृत्तीत तरी दिसायला हवा.

२५ जून १९७५ च्या रात्री तिसरी उद्घोषणा झाली तेव्हा दुसरी अंगावर होतीच. एका घोंगडीवर दुसरी. कारण दिले 'अंतर्गत अशांतता'. राष्ट्रपतींनी रात्री सही केली, मंत्रिमंडळाला सकाळी कळले. पुढची एकवीस महिन्यांची कथा तुम्ही दरवर्षी छापता. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या हिशेबाप्रमाणे मिसा (खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा) आणि संरक्षण नियमांखाली १ लाख १० हजारांवर माणसे आत गेली.

मला सांगायचे आहे ते माझ्यापुरते. १९७६ च्या जूनमध्ये मी नोकरीला लागलो, बावीस वर्षांचा. पहिल्या महिन्यातच आम्हा सगळ्या मास्तरांना शाळेच्या मधल्या खोलीत बोलावले आणि सांगितले, प्रत्येकाने दोन केसेस आणायच्या. केस म्हणजे नसबंदीचा माणूस. नाही आणल्या तर पगार निघणार नाही. सांगणाऱ्याच्या हातात कागद नव्हता. आमच्यात मराठी शिकवणारे एक वयस्कर गुरुजी होते, धोतर नेसणारे. ते उठून एवढेच म्हणाले, "लेखी द्या." खोली गार पडली. लेखी कुणी दिले नाही आणि त्या गुरुजींकडे पुन्हा केस कुणी मागितली नाही. पगार त्यांचा सगळ्यांबरोबर निघाला.

मी लेखी मागितले नाही. मी आमच्या वडिलांच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, घेऊन गेलो. त्याला चार लेकरे होती, तो नाही म्हणाला नाही, मालकाच्या पोराला कोण नाही म्हणतो? टेम्पोत तो माझ्या शेजारी बसला होता आणि पूर्ण रस्ताभर पायाखालच्या पत्र्याकडे पाहत होता. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने आमचे साल सोडले. कारण सांगितले नाही. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही त्या दिवसांना आणीबाणी म्हणत नाहीत, नसबंदीचा काळ म्हणतात. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आमच्या गावात जे चालले त्याला त्या दिवशी कायद्याचा आधारच नव्हता. मला हे खूप वर्षांनी, नववीचा धडा शिकवताना कळले.

म्हणून मी शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर बोलतो. त्या गुरुजींनी 'लेखी द्या' म्हटले त्यात क्रांती नव्हती, पण आदेश नेमका काय आहे, कुणाचा आहे, कुठवर आहे, हे विचारले की सांगणाऱ्याला कागदाच्या आत राहावे लागते. तुमच्याच धंद्यातले उदाहरण देतो. ऐन आणीबाणीत मिनू मसानींच्या इंग्रजी मासिकाचे लेख सेन्सॉरने अडवले. मसानी न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की सेन्सॉरचा अधिकार आदेशात लिहिलेल्या कारणांपुरता आहे. सरकारवर टीका केली एवढ्यावरून मजकूर अडवता येत नाही. आणीबाणी तशीच होती, आदेशही तोच होता. मसानींनी तो नीट वाचला होता. दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दारच बंद केले, तेव्हा पाचांत एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. आपल्या साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना'लाही त्या काळात सरकारी कारवाईला तोंड द्यावे लागले. अमळनेरला साहित्य संमेलन झाले तेव्हा गुरुजींचे फोटो सगळ्यांनी छापले, हे मात्र राहून गेले.

गुरुजींवरून धुळे तुरुंग आठवतो. १९३२ मध्ये तिथे विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणजे विनोबांचा शब्द झेलायचा कसा हे खान्देशाला ठाऊक होते. त्याच विनोबांनी आणीबाणीत पवनारला मौनात असताना 'अनुशासन पर्व' एवढे म्हटले, आणि सरकारने ते दोन शब्द आणीबाणीच्या समर्थनाला भिंतीभिंतीवर रंगवले. पुढे विनोबांनी सांगितले की शासन सत्तावाल्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. तोवर रंग वाळला होता. एखादा शब्द त्याच्या जागेवरून उचलून मथळ्यात टाकला की काय होते याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

नवापूरचे स्टेशन तुम्ही पाहिले असेल. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. बाकाच्या मध्यावर सीमा, पोरे तिथे फोटो काढतात. १९७५ च्या जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत त्या बाकाच्या एका बाजूला शंकरराव चव्हाणांचे काँग्रेस सरकार होते आणि दुसऱ्या बाजूला बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चाचे, ज्यांना धरपकडीची घाई नव्हती. उद्घोषणा एकच, पण बाकावर दोन वीत सरकले की हवा बदलायची. मार्च १९७६ मध्ये गुजरातेत राष्ट्रपती राजवट आली आणि तो फरक संपला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बऱ्याच पळवाटा बुजवल्या. 'अंतर्गत अशांतता' गेली, 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. (माझ्या धोतरवाल्या गुरुजींना हे फार आवडले असते.) संसदेची मंजुरी महिन्याच्या आत, विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. सभेत कुणी 'अघोषित आणीबाणी' म्हणाला की तुम्ही तेवढेच उचलता. जरूर उचला, बोलणाऱ्याला तो हक्क आहे, माझेही कधी कधी तेच मत असते. पण त्याला तिथेच विचारा: कोणता आदेश, कोणते कलम, कुणाला अटक, किती दिवस? उत्तर आले तर ती मोठी बातमी आहे. नाही आले तर तीही बातमीच.

२०२० ची टाळेबंदी आठवा. घराबाहेर पडायची चोरी, रस्त्यावर दंडुके, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, शिरपूर, पळासनेर करत माणसे डोक्यावर पोरे घेऊन बिजासन घाटाकडे चालत होती. त्या दिवसांत मला दहा जणांनी विचारले, मास्तर, आणीबाणी लागली का? नव्हती लागली. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा, मुख्यतः यांवर सगळे चालले. हा फरक पंडिती वाटतो, पण सुरतेला कामाला जाणाऱ्या आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या माणसांना तो पैशांत मोजता येतो. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कारखाना कायद्यातल्या 'सार्वजनिक आणीबाणी'च्या कलमाचा आधार घेऊन बारा तासांची पाळी लावली आणि जादा तासांचा दुप्पट दर काढून टाकला. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. साथीने कारखानदार अडचणीत आले हे खरे, पण त्या कलमातली आणीबाणी म्हणजे देशाच्या सुरक्षेला युद्ध, आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेचा गंभीर धोका, आणि हा तो नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. शब्दाचा अर्थ नेमका होता म्हणून मजुराला दुप्पट दर परत मिळाला. तुम्ही त्याच महिन्यांत 'साथीची आणीबाणी' रोज छापत होतात.

आणि आता उलटी बाजू, जिच्यावर खान्देशात खरे लिहायला हवे. जो शब्द जाहीर झाला की सरकारलाच खर्च पडतो, तो शब्द सरकार किती मोजून वापरते पाहा. २०२३ मध्ये पाऊस गेला. ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांत आपले तीन: नंदुरबार, शिंदखेडा, चाळीसगाव. बाकीच्यांचे काय? पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल असे २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतले निकष दाखवले गेले. ओरड झाली तेव्हा हजारावर महसुली मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' आली. 'सदृश'! हा प्रत्यय ज्याने शोधला त्याला व्याकरणाचे बक्षीस द्यायला हवे. ओला दुष्काळ तर त्या संहितेत नाहीच. अतिवृष्टीने केळी आडवी झाली, कपाशी सडली, तरी त्या नावाने काही जाहीर होत नाही.

जाहीर झाल्यावर मिळते काय, हे तरी ठळक छापा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची वीज न तोडणे, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढिलाई, गरज असेल तिथे टँकर. माझ्या शेजाऱ्याच्या पोराने कॉलेजात परीक्षा फी भरली आणि तीन महिन्यांनी कळले की त्याच्या मंडळाला माफी होती. कॉलेजच्या खिडकीवर काही लावलेले नव्हते आणि पेपरात आले होते ते 'पाण्याची आणीबाणी, नेते आक्रमक'. नेते आक्रमक झाल्याने त्याची फी परत आली नाही. मूळ शासन निर्णयाची प्रत नेऊन दाखवली तेव्हा आली.

माझे मागणे मोठे नाही. जमावबंदीची प्रेसनोट आली की तिच्यातले कलम, हद्द, तारखा आणि सहीचे पद, या चार गोष्टी पहिल्या दोन ओळींत घ्या. आदेशाचा फोटो बातमीखाली लावा, मोबाइलवर तर त्याला जागाही लागत नाही. सातपुड्यातल्या वाचकांसाठी पावरी-भिलीत, आणि आमच्यासाठी अहिराणीत, तो अर्ध्या मिनिटात वाचून दाखवा. व्हिडिओ करायला तुम्हाला आवडतेच. आणीबाणी हा शब्द ३५२ साठी राखून ठेवा, नाहीतर बाळंतिणीच्या बैलगाडीसाठी.

बोर्डाची परीक्षा पुन्हा फेब्रुवारीत आहे. आदेश निघाला की त्याची एक प्रत पाराला चिकटवायची असे मी ठरवले आहे. आमच्या गावच्या केंद्राच्या फाटकापासून मावशीच्या गोणपाटापर्यंतचे अंतर परवा चालत मोजून आलो. माझी, एकाहत्तरीच्या माणसाची, आठशे चाळीस पावले होतात. मावशीला आकडा सांगितला तर तिने मेथीची एक जुडी पिशवीत टाकली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

आपला,
एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक
चोपडा तालुका